ताईसाठी एक पिशवी रक्त

४ जानेवारी

ताई,

तुझी लेक आज लाँड्रीत आली होती. कपडे घेऊन नाही, रिकाम्या हातांनी. मी मागच्या बाजूला डागांच्या टेबलाशी होते, एका शर्टाच्या खिशावरची शाई काढत. घड्या घालणारी बाई ओरडली, "अगं, तुला कुणीतरी भेटायला आलंय," आणि मी वर बघितलं तर तूच. म्हणजे तीस वर्षांपूर्वीची तू. तेच कपाळ, आणि उभं राहायची तीच तऱ्हा, समोरच्यानं गृहपाठ केलेला नाही हे आधीच ठाऊक असल्यासारखी. मग तिनं "मावशी" अशी हाक मारली आणि मी भानावर आले. तू मला हाक मारून नऊ वर्षं झाली.

तुझा उजव्या खुब्याचा सांधा झिजलाय, भिंतीला धरून चालतेस, शाळेचे जिने चढवेनात म्हणून मुदतीआधीच घरी बसलीस, हे सगळं मला आज कळलं. सांधा बदलायचाय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या वेळी दोन पिशव्या रक्त हाताशी हवं. तुझा गट ओ निगेटिव्ह, रक्तपेढीत त्याच्या पिशव्या नेहमीच मोजक्या, तेव्हा घरात कुणी असेल तर आणा म्हणाले. पोरीनं बापाचा गट घेतलाय. उरले मी, तुझ्याच गटाची.

"आईला यातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "कळलं तर ऑपरेशनच नको म्हणेल."

"माझं नाव निघालं तेव्हा नेमकं काय म्हणाली ती?"

पोर तुझ्यासारखी असली तरी खोटं बोलायला अजून शिकलेली नाही. "तिच्या हातचं पाणीसुद्धा नको, असं म्हणाली."

"पाणी नाहीच देत मी," म्हटलं. "रक्तच देते."

ताई, मी हो म्हणाले ते तुझ्या मायेनं नाही. तुझी लेक दारात उभी होती म्हणून तर मुळीच नाही. कारण ऐक. आईची शाल पाठवली, तू परत केलीस. पत्र पाठवलं, न फोडता परत आलं. फोन केला की कट. आता माझी पिशवी तुझ्या अंगात रिकामी होईल आणि मग आजपासून लिहीन ती सगळी पत्रं मी एकदम तुझ्या हातात ठेवीन. बघू परत कसं करतेस ते.

मला एकच वाक्य हवंय. "दहाला येते म्हणाले होते, तीनला आले." बस. नऊ वर्षं तू लोकांना सांगत आलीस की आईला कुलूप लावून मी भटकायला गेले आणि ती एकटीनं गेली. अर्धी गोष्ट सांगायची आणि सगळी गोष्ट सांगितल्याचा आव आणायचा, हे तुला छान जमतं. सहा वर्षं आई अंथरुणात होती आणि मी तिच्या उशाशी. त्या रविवारी तू म्हणालीस, दहाला येते, तू जरा मोकळी हो. दुसरी किल्ली तुझ्याकडे होती. मी अकरापर्यंत वाट बघितली आणि निघाले. बारा-एकच्या सुमारास ती गेली असं डॉक्टर म्हणाले. बारा-एकला तू कुठे होतीस ते तुझं तुला माहीत.

धाकटी


९ जानेवारी

ताई,

नापास झाले. तुला आनंद होईल.

रक्तपेढी तळमजल्यावर आहे, एक्स-रेच्या खोलीमागे. आत एक चष्मेवाली बाई बसते. तिनं बोट टोचलं, एक थेंब घेतला आणि निळ्या पाण्याच्या भांड्यात सोडला. थेंब बुडला तर पास, तरंगला तर नापास. माझा तरंगला. नुसता तरंगला नाही, आरामात फिरत राहिला. मग तिनं यंत्रावर बघितलं. दहा पूर्णांक नऊ. साडेबारा लागतं.

"जेवता का नीट?" तिनं विचारलं.

काय सांगणार? सहा वर्षं आईला भरवून झाल्यावर ओट्याशी उभ्यानं उरलंसुरलं खाल्लं, ती सवय तशीच राहिली. आता भरवायला कुणी नाही, तरी मी उभ्यानंच खाते. ताटलीसुद्धा घेत नाही पुष्कळदा. हे मी तिला सांगितलं नाही. "कामाच्या गडबडीत राहून जातं," म्हटलं.

तिनं कागदावर लिहून दिलं: पालक, बीट, खजूर, अंडी, जमलं तर कलेजी, जेवणावर लिंबू. लोहाची गोळी रोज एक. महिन्यानं या. ऑपरेशनला वेळ आहे, तुझ्या साखरेनं आधीच तारीख पुढे ढकललीये म्हणे.

बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला इतका संताप आला की रडूच फुटलं. तुला चार शब्द ऐकवायला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काही द्यायला निघाले, तर माझ्याकडे तेही पुरेसं नाही. शेजारच्या माणसाला वाटलं माझं कुणी गेलं. त्यानं रुमाल पुढे केला. मी घेतला. रुमालावर हळदीसारखा पिवळा डाग होता, कुठल्यातरी मलमाचा. त्याला सांगितलं, ऊन दाखवा, जाईल.

धाकटी


२६ जानेवारी

ताई,

मध्येच तपासून आले, राहवलं नाही. अकरा पूर्णांक एक. सतरा दिवस बीट खाऊन. ओठ, जीभ, नखं सगळं लाल, फक्त रक्त सोडून. लाँड्रीत मालक म्हणतात, बाई, पांढऱ्या कपड्यांपासून जरा लांबच राहा.

चष्मेवालीनं विचारलं, "गोळी घेता ना?"

"रोज. चहाबरोबर."

तिनं पेन खाली ठेवलं. "चहाबरोबर?"

"मग कशाबरोबर?"

खरंच सांगते, मला दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं. आपल्या घरात गोळी म्हणजे चहा. आईला पाण्याबरोबर गोळी जायचीच नाही, घशात अडकते म्हणायची, आणि लहानपणी तापाची गोळीसुद्धा तिनं आपल्याला बशीतल्या चहाबरोबरच दिली. त्या बाईनं मला समजावलं की चहा लोहाला अंगी लागूच देत नाही. सतरा गोळ्या मी चहात बुडवून वाया घालवल्या. "लिंबूपाण्याबरोबर घ्या," ती म्हणाली, "आणि चहा नंतर दोन तासांनी. कुणी सांगितलं हो तुम्हाला हे?"

"आईनं."

"अजून तसंच घेतात त्या?"

"नाही," म्हटलं. "सोडलं तिनं."

संध्याकाळी तुझ्या लेकीला फोन केला. ती हसायलाच लागली. "मावशी, आईसुद्धा सगळ्या गोळ्या चहाबरोबर घेते! किती सांगितलं तरी ऐकत नाही." मलाही हसू आलं. मग फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. तुझ्यावर हसायचं कशाला? तुझी साखर का आटोक्यात येत नव्हती तेही कळलं. त्या चहात किती चमचे घालतेस ते मला ठाऊक आहे.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

पास. बारा पूर्णांक सात. थेंब दगडासारखा बुडाला. चष्मेवालीनं टाळी दिली मला, एक्कावन्न वर्षांच्या बाईला. घड्या घालणारीनं तर सगळ्या लाँड्रीला सांगितलं. मी कलेजीसुद्धा खाल्ली, नाक धरून.

उद्या सकाळी नऊला जायचंय. आज दुपारपासून पाणी पितेय, मोजून दहा ग्लास. डोकं दुखतंय पण गोळी घ्यायची नाही. लवकर झोपायचं, उद्या पोटभर न्याहारी करायची, सैल बाहीचं काहीतरी घालायचं. इतकी काळजी मी माझी कधी घेतली नव्हती. तुला चार शब्द सुनावायचेत म्हणून मी खडखडीत बरी झाले, बघ. जिने चढताना धाप लागत नाही आता.

फॉर्म आजच भरून ठेवला. चार पानी आहे. कावीळ झाली होती का, दात काढला का, गोंदवलं का, कुणाच्या दबावाखाली देताय का. शेवटच्या पानावर एक रकाना आहे: पेशंटशी नातं. मी तिथे "ओळख" असं लिहिलं. लिहिताना फार बरं वाटलं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तू विचारलीच नाहीस. त्या रविवारी मी कुठे गेले होते? तू सगळ्यांना सांगितलंस, भटकायला. मी बसमध्ये बसले, खिडकीशी. शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं आणि दोन थांब्यांच्या आत झोपले. कंडक्टरनं उठवलं, मी पुन्हा तिकीट काढलं आणि परत झोपले. असं चारदा. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी हाक न मारता झोपले होते. चारला घरी आले तेव्हा तू दारात उभी होतीस आणि माझ्या गालावर बसच्या सीटचे वळ होते. तू ते बघितलेस. तेवढ्यावरून काय ते ठरवलंस.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

हे डाव्या हातानं लिहिलेलं नाही, अक्षरच वाईट आलंय. रक्त डाव्या हातातून काढलं. कात्री आणि ब्रश धरायचा हात उजवा, तो सांभाळला. तरी बर्फ धरून तो बधिर झालाय.

काल सगळं नीट झालं. खुर्ची मागे झुकते, हातात रबरी चेंडू देतात, दाबत राहायचं. सुई जाड असते, पण एकदा आत गेली की काही नाही. पिशवी खाली एका पाळण्यासारख्या यंत्रावर हलत होती. तिच्यावर तुझ्या नावाची चिठ्ठी होती. मी चेंडू दाबत होते आणि ती चिठ्ठी वाचत होते. नऊ-दहा मिनिटं. तेवढी दहा मिनिटं मला तुझा राग आला नाही, हे लिहून ठेवते. नंतर आला.

ते म्हणाले, पंधरा मिनिटं पडून राहा, रस प्या, बिस्किटं खा. मी म्हटलं, मला काही होत नाही, कामावर जायचंय. रस तसाच ठेवला आणि उठले. दारापर्यंत पोचायच्या आधीच भिंत वाकडी झाली. डोळे उघडले तेव्हा फरशीवर होते, पाय खुर्चीवर चढवलेले, आणि चष्मेवाली माझ्या तोंडावर पाणी मारत होती. "एवढं जपलंत महिनाभर," ती म्हणाली, "आणि पंधरा मिनिटं धीर धरवला नाही तुम्हाला!"

रक्तपेढीचे डॉक्टर आले. "घरच्या कुणाला बोलावू?"

गुंगीत होते, तोंडातून निघून गेलं. "वर वॉर्डात भाची असेल. आईच्या तपासण्यांना आलीये."

"कुठल्या पेशंटची मुलगी?"

सांगितलं. त्यांनी फॉर्म उलटला. "इथे तर तुम्ही ओळख लिहिलंय. कोण त्या तुमच्या?"

"सख्खी बहीण," म्हटलं. इतक्या वर्षांनी हा शब्द उच्चारला, तोही फरशीवर आडवं पडून.

डॉक्टरांनी पिशवी उचलली आणि तुझ्या नावाची चिठ्ठी काढून टाकली. माझ्यासमोर. मी उठून बसले. "हे काय करताय?"

म्हणाले, सख्ख्या नात्यातलं रक्त आम्ही शक्यतो पेशंटला देत नाही. क्वचितच होतं, पण झालं तर फार वाईट. परक्याचं रक्त अंगाला परकं म्हणून ओळखू येतं, त्यातलं नको ते अंग स्वतःच हाकलून देतं. सख्ख्याचं मात्र आपलंच वाटतं, अंग त्याला हाकलत नाही, आणि मग तेच आत राहून अंगावर उलटतं. "तुमची पिशवी दुसऱ्या कुणाला जाईल," ते म्हणाले, "आणि बाईंसाठी साठ्यातली एक बाजूला ठेवतो. त्यांची सोय झाली, काळजी करू नका."

मी हसायला लागले. चष्मेवालीला वाटलं पुन्हा चक्कर येतेय.

दंडाच्या आतल्या बाजूला हाताच्या पंजाएवढं काळंनिळं झालंय. पडताना पट्टी सुटली. आज कडेनं जांभळट दिसतंय. रक्त धुवायला गार पाणी लागतं, गरम घातलं की डाग पक्का, हे मी रोज लोकांना सांगते. कातडीच्या आतल्या डागाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. बर्फ लावून बसलेय. जड उचलायचं नाही दोन दिवस, म्हणून मालकांनी बटणं लावायला बसवलंय.

तुझ्या लेकीला पिशवी बदलल्याचं सांगितलं नाही. काय सांगू? एवढं लोह खाल्लं आणि ते गेलं कुणा अनोळखी माणसाला. त्याचं भलं होवो. मला मात्र तुझ्याच अंगात शिरायचं होतं.

धाकटी


३ मार्च

ताई,

ऑपरेशन झालं. पोरीचा फोन आला. एकच पिशवी लागली. तू शुद्धीवर आहेस, नर्सवर खेकसतेस, म्हणजे ठीक आहेस.

मग ती म्हणाली, "मावशी, मी आईला सांगितलं. ती पिशवी तुझी होती म्हणून."

"मग?" म्हटलं.

"रागावली नाही ती. म्हणाली, तिला बोलाव."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी विचारलं, भेटायची वेळ किती ते किती?

धाकटी


१० मार्च

ताई,

काल आले होते ते तुला आठवत असेलच. तरी लिहिते, कारण काल मी एक अक्षर बोलले नाही आणि तू एवढं बोललीस.

तू वॉकर पलंगाला टेकवून बसली होतीस. केस पांढरे झालेत तुझे, कुणी सांगितलं नव्हतं. "बस की," म्हणालीस. "उभी काय राहिलीस मीटर बघायला आल्यासारखी?" मी बसले. तू माझी बाही वर केलीस आणि त्या डागावर हात ठेवलास. पिवळा पडलाय तो आता. "एवढं?" म्हणालीस.

मग सांगितलंस. त्या रविवारी तू नऊलाच तयार झाली होतीस. चप्पल घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीत बसलीस. उठवेना. आईला तसं बघायची, तिचं अंग पुसायची, तिनं तुला न ओळखण्याची भीती वाटत होती. दोनपर्यंत चप्पल घालून तशीच बसून होतीस, आणि तीनला पोचलीस. "आणि जमलेल्या माणसांसमोर सगळं तुझ्यावर ढकललं," तू म्हणालीस. "दहाला येते म्हणाले होते मी. तीनला आले. तू तरी बिचारी अकरापर्यंत थांबलीस. आता तुझं रक्त अंगात घेऊन खोटं कसं बोलू गं?"

रडलीस. मी तुझा हात धरला. ते मात्र नाटक नव्हतं.

बसमध्ये बसले तेव्हा मला वाटत होतं की मी जिंकले. जे वाक्य हवं होतं तेच, शब्दाला शब्द. घरी येऊन ताटली घेतली, बसून जेवले. आज कामावर गेले आणि एक पांढरा सदरा चक्क गरम पाण्यात घातला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. घड्या घालणारी म्हणाली, घरी जा बाई, तुझं लक्ष नाही. म्हणून दुपारीच घरी आलेय.

पत्रं एकत्र बांधलीयेत. आधीची सहा वाचलीस तर तुला कळलंच असेल, तरी स्वच्छ लिहिते. तुझ्या अंगात माझा एक थेंबही नाही. मी नातं लपवलं, पडले, उघडं पडलं, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी काढून टाकली. जे रक्त अंगात आहे म्हणून तू खरं बोललीस, ते कुणा परक्याचं आहे. काल सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू बोलली नसतीस, म्हणून गप्प बसले. तुझे शब्द परत घ्यायचे तर घे. तुला परत करायची सवय आहे.

आणि पहिल्या पत्रात मी अकरा लिहिलंय. खोडलं नाही, वाच तसंच. नऊ वर्षं सगळ्यांना अकराच सांगितलं. तुला सुनावताना अकरा, स्वतःशी बोलताना अकरा.

मी साडेनऊला निघाले, ताई. चादर ओली होती. मला दिसली होती. आई म्हणाली, "अगं, ओलं झालंय गं." मी म्हटलं, "ताई येतेय, ती बघेल." रोज मी बदलते, एक दिवस तुला बदलावी लागू दे, तुझ्या हाताला तो वास लागू दे, एवढंच मनात होतं. पांघरूण नीट केलं नाही. पुन्हा हाक मारली तिनं, तेव्हा मी बाहेर होते, कुलूप लावत होते.

तू ठरल्याप्रमाणे दहाला आली असतीस, तरी तुला आई एकटीच सापडली असती. ओली, पण जिवंत.

धाकटी